बागेतले 'चुकलेले' डायनोसॉर

लंडनच्या आग्नेयेकडील उपनगरात क्रिस्टल पॅलेस पार्क नावाचे सार्वजनिक उद्यान आहे. टेकडीच्या माथ्यावर रुंद दगडी चौथरे आणि पायऱ्या, उतारावर हिरवळ व मोठी झाडे आणि पायथ्याशी वळणावळणाचे तळे. या तळ्यातील बेटांवर जाड पायांची, खवलेदार अंगाची दोन प्रचंड धुडे दिसतात. दोघांच्याही नाकावर शिंग आहे. ही आहेत इग्वानोडॉन या डायनोसॉरची शिल्पे. आजच्या ज्ञानानुसार ती चुकीची आहेत. तरीही इंग्लंडमध्ये 2007 पासून त्यांना वारसा-वास्तूंची सर्वोच्च श्रेणी मिळालेली आहे. असे का, हे समजण्यासाठी उद्यानाचा इतिहास पाहायला हवा.

लंडनच्या हाइड पार्कमध्ये 1851 साली मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले होते. त्यासाठी जोसेफ पॅक्स्टन यांनी लोखंड व काचेचा भव्य महाल उभारला. प्रदर्शन संपल्यावर तो उतरवून सिडनमच्या टेकडीवर वाढीव आकारात पुन्हा बांधण्यात आला व भोवती उद्यान आखण्यात आले. 10 जून 1854 रोजी त्याचे उद्घाटन झाले.

करमणुकीबरोबर लोकशिक्षण व्हावे, हा या उद्यानामागील हेतू होता. तळ्याकाठी खरे खडक वापरून भूस्तरांचा एक कडाच रचला होता. त्यात दगडी कोळशाचे थरही दाखवले होते. बेटांची मांडणी काळाच्या क्रमाने होती, त्यामुळे काठाने चालणारा माणूस जणू भूशास्त्रीय काळातूनच चालत जाई. नामशेष प्राण्यांची तिसाहून अधिक शिल्पे बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स यांनी घडवली. त्यांचे शास्त्रीय सल्लागार होते रिचर्ड ओवेन. 'डायनोसॉर' हा शब्द रूढ करणारे ते हेच. एका उभ्या इग्वानोडॉनसाठी 600 विटा, 900 कौले आणि 38 पिंपे सिमेंट लागले, अशी नोंद हॉकिन्स यांनीच केली आहे. 31 डिसेंबर 1853 च्या रात्री या प्राण्याच्या साच्यात सुमारे वीस पाहुण्यांना मेजवानीही देण्यात आली!

आता चूक कशी झाली ते पाहू. इंग्लंडमधील डॉक्टर गिडिअन मँटेल यांनी 1825 मध्ये काही जीवाश्म दातांचे वर्णन प्रसिद्ध केले. हे दात इग्वाना या सरड्याच्या दातांसारखे, पण कितीतरी मोठे होते. दात मोठा त्या प्रमाणात शरीर मोठे, असे साधे त्रैराशिक मांडले की प्राण्याची लांबी शंभर फुटांपर्यंत जाऊ शकत होती. एक शंकूसारखे टोकदार हाडही सापडले होते. काही इग्वानांच्या नाकावर उंचवटा असतो, म्हणून मँटेल यांनी ते नाकावर बसवले.

ओवेन यांनी 1842 मध्ये वेगळा विचार मांडला. कमरेचे मणके एकमेकांना जुळलेले आहेत, म्हणजे पाय सरड्यासारखे बाजूला फाकलेले नसून शरीराखाली सरळ असणार. शरीराची लांबीही मणक्यांवरून मोजायला हवी. तसे केल्यावर ती 28 फुटांवर आली. हे दोन्ही युक्तिवाद सशास्त्र होते. मात्र त्यावरून ओवेन यांनी गेंड्यासारखा बोजड चतुष्पाद कल्पिला. पुढचे पाय त्या मानाने बारीक असावेत, असे मँटेल यांनी पुढे सुचवले होते. पण 1852 मध्ये त्यांचे निधन झाले आणि बागेत ओवेन यांचाच प्राणी उभा राहिला.

1878 मध्ये बेल्जियममधील बर्निसार येथील कोळशाच्या खाणीत इग्वानोडॉनचे तीसहून अधिक सांगाडे मिळाले. नाकावरचे शिंग प्रत्यक्षात अंगठ्याचा काटा होता! लुई दोलो यांनी सांगाडे कांगारूप्रमाणे दोन पायांवर, शेपटी टेकवून उभे केले. झाले, चूक सुधारली असे सर्वांना वाटले. परंतु 1980 च्या सुमारास डेव्हिड नॉर्मन यांनी दाखवले की, शेपटीतील कडक झालेल्या स्नायुबंधांमुळे ती तशी वाकणे शक्यच नव्हते. पाठ आडवी असणार आणि मोठा इग्वानोडॉन बराच वेळ चार पायांवर चालत असणार. म्हणजे निदान चार पायांच्या बाबतीत तरी बागेतला जुना प्राणी अगदीच चुकलेला नव्हता.

याच तळ्यात मोसासॉरस या सागरी प्राण्याचे शिल्प आहे. त्याच्या कवटीखेरीज फारसे काही तेव्हा नीट माहीत नव्हते. म्हणून हॉकिन्स यांनी त्याचा पुढचा भाग तेवढा पाण्याबाहेर घडवला, उरलेले शरीर घडवलेच नाही. माहीत नाही तिथे थांबणे ही देखील शास्त्राची रीत आहे.

30 नोव्हेंबर 1936 च्या आगीत काचेचा महाल भस्मसात झाला. खालच्या अंगाला असलेले प्राणी वाचले. नाकावरची शिंगे काढून टाकावीत असे आज कोणी म्हणत नाही. शिल्पांची डागडुजी होते ती मूळ रूपातच.

आपली पाठ्यपुस्तके मात्र नेमके उलटे करतात. नवी आवृत्ती आली की जुने उत्तर गुपचूप नाहीसे होते आणि शास्त्र म्हणजे तयार उत्तरांची यादी, असा मुलांचा समज होतो. वर्गात एखादे हाड किंवा शिंपल्याचा तुकडा द्यावा आणि उरलेला प्राणी काढायला सांगावे. चित्रे चुकतील. ती खोडू नयेत. कोणत्या पुराव्यावरून काय काढले, एवढे प्रत्येकाने चित्राखाली लिहावे. पुढे नवा पुरावा हाती आला की त्याच शेजारी दुसरे चित्र काढता येईल.