मागाच्या खड्ड्यावर मांडलेलं ताट

नागपूरला पाहुणा आला की दुसऱ्या दिवशी त्याचा प्रश्न ठरलेला असतो, "इथं बाहेर जेवायला कुठं जायचं?" पुण्या-मुंबईचा असला तर पुढचं वाक्य तोच बोलतो, "सावजी म्हणे फार भारी असतं." मी हॉटेलचं नाव सांगण्याआधी त्याला थोडा इतिहास ऐकवते. घरच्यांना हे आवडत नाही, कारण तोवर सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत असतात. पण शाळेत इतिहास शिकवण्यात माझी हयात गेली आणि सासर मिळालं कोष्ट्यांचं, म्हणजे सावजी रांधणाऱ्या विणकरांचं. गप्प कशी बसणार?

नागपूर हे राजधानीचं गाव. देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शहानं १७०२ मध्ये ते वसवलं, पुढे भोसल्यांनी तिथून ओरिसापर्यंत राज्य केलं. १८५४ मध्ये इंग्रजांनी ते खालसा केलं आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची राजधानी म्हणून पुन्हा मान दिला. तो मान १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत टिकला. इतकी वर्षं राजधानी म्हटल्यावर खाणावळी, उपाहारगृहं पहिल्यापासून असतील असं वाटतं. तसं नव्हतं. प्रवासाला निघालेला माणूस शिदोरी बांधून निघे, धर्मशाळेत तीन दगडांची चूल मांडी, नाहीतर जातभाईचं घर शोधी. अन्नछत्र असे, सणावाराच्या पंगती असत. पण पैसे टाकून अनोळखी माणसाच्या हातचं जेवायचं, हे सवर्ण घरात पाप होतं आणि ज्यांना शिवून घेत नसत त्यांना ती सोयच नव्हती.

माझा भाचा स्टॉकहोमला असतो. तिथल्या जुन्या पेठेत 'डेन युल्डेने फ्रेडेन' नावाचं उपाहारगृह आहे, १७२२ पासून त्याच जागी चालू. म्हणजे त्याचं दार उघडलं तेव्हा आपलं नागपूर जेमतेम वीस वर्षांचं होतं. आंदर्स झॉर्न या चित्रकारानं १९१९ मध्ये ती इमारत विकत घेतली आणि मरताना स्वीडिश अकादमीला देऊन टाकली. साहित्याचं नोबेल ठरवणारी मंडळी दर गुरुवारी बैठक आटोपून तिथंच जेवतात. भाचा मोठ्या अभिमानानं सांगत होता आणि वर विचारत होता, "मामी, आपल्याकडे आहे का असं एखादं?" एक वास्तू दाखवता येईल असं आपल्याकडे नाही. आपल्याकडे आहेत ती घरं. नागपूरला बाहेर जेवायला शिकवलं ते विणकरांनी, आणि तेसुद्धा स्वतःच्या घरात बसवून.

तिथवर यायला अर्थात वेळ लागला. १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे आली आणि स्टेशनांवर साहेबांच्या खाण्याची सोय झाली. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीला व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, म्हणून मिलचं नाव एम्प्रेस. मिलच्या भोंग्यानं शहराच्या जेवणाच्या वेळा मोडल्या. पाळी सुटल्यावर घरी जाणारा माणूस एकटा, गावाकडून आलेला, बायकामुलं मागे ठेवलेला. त्याला कोणीतरी जेवू घालायला हवं होतं. दुसरीकडे हिस्लॉप आणि मॉरिस ही कॉलेजं आणि १९२३ मध्ये विद्यापीठ निघालं, तशा महाल-धंतोलीकडे विद्यार्थ्यांच्या खाणावळी चालू झाल्या. तिथं वरणभात, पोळी, दोन भाज्या आणि महिन्याचे पैसे आगाऊ. त्या खाणावळींवर पुष्कळांनी आठवणी लिहिल्या आहेत, कारण तिथं जेवणारे पुढे लिहिणारे झाले. मिलमजुराला जेवू घालणाऱ्यांबद्दल मात्र फारसं कोणी लिहिलं नाही.

नागपूरचे कोष्टी आणि हलबा-कोष्टी म्हणजे लुगडी विणणारी माणसं. रेशीमकाठी नऊवारीसाठी नागपूर आणि बारीक सुताच्या, रेशीमकाठी धोतरांसाठी उमरेड. हे नाव दूरवर होतं. मी आता राहते त्या हुडकेश्वरच्या जवळूनच उमरेड रोड जातो. गोळीबार चौक, पाचपावली, इतवारी, महाल या भागांत घराघरात माग होते. आमच्या सासऱ्यांचा माग खड्ड्याचा. पुढच्या खोलीत जमिनीत गुडघाभर खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं, पायानं पावड्या दाबायच्या आणि हातानं धोटा फेकायचा. बायका रहाटावर कांड्या भरत, ताण्याला खळ लावत. लुगडं उतरलं की ते खांद्यावर टाकून गांधीबागेत शेठजीकडे जायचं, तो देईल तो भाव घ्यायचा, येताना सूत आणायचं. हाती पैसा आला त्या दिवशी मटण. बाकी दिवस डाळकांदा किंवा पाटोडीचा रस्सा. आज हॉटेलच्या पाटीवर 'व्हेज सावजी' म्हणून जे लिहिलेलं असतं, ते त्या बाकीच्या दिवसांचं जेवण.

मग माग बसत गेले. मिलचं कापड स्वस्त होतंच. त्यात पॉवरलूम आले. पण खरा घाव वेगळाच होता: बायकांनी नऊवारी नेसणं सोडलं. सासूबाई म्हणत, "लेकीनं पातळ नेसलं अन् बापाचा माग बंद पडला." स्वातंत्र्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत कितीतरी घरांत धोटा थांबला. हातात दुसरं कसब नव्हतं. होती ती पुढची रिकामी खोली, आणि बाईच्या हातचा मसाला.

आमच्याकडे खड्डा मुरुमानं भरला, वर शहाबादी फरशी बसवली आणि दोन बाकडी टाकली. फरशी त्या ठिकाणी पुढे जराशी दबलीच; तिथं बाकडं डुगडुगायचं, म्हणून पायाखाली खापरीचा तुकडा लावलेला असे. जेवणारे तेच, ओळखीचे: मिलमधून सुटलेले, हमाल, रिक्षावाले, गांधीबागेतले मुनीम. 'भोजनालय' हा शब्द पाटीवर आला तो नंतर. कोष्ट्याला सावजी म्हणायची रीत, म्हणून आधी लोक नुसतं "सावजींकडं जेवून येतो" म्हणत, कुणाच्या घरी जेवायला जावं तसंच.

मसाल्याबद्दल लोकांचा समज असा की तिखट जास्त टाकलं म्हणजे सावजी झालं. सासूबाईंच्या मसाल्यात मिरची सगळ्यात शेवटी यायची. आधी धने, मग जिरं, शहाजिरं, तेजपान, दगडफूल, दालचिनी, लवंग, काळी मिरी, मसाला वेलची, जायपत्री, सुंठ. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. दगडफूल घाईनं भाजलं तर रस्सा कडवट होतो, म्हणून ते त्या कुणाच्या हाती देत नसत. खसखस आणि सुकं खोबरं काळपट होईस्तोवर परतायचं. सगळं पाट्यावर वाटायचं. जुन्या घरांत फोडणी जवसाच्या तेलाची असे. मटण शिजत आलं की भाजलेलं ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून लावायचं, म्हणजे रस्सा अंगाला धरतो. आणि तर्री वर आली की झाकण टाकून तसंच ठेवायचं; लगेच वाढलं तर "कच्चं लागते" म्हणून त्या ओरडत.

मिरची भिवापुरी. नागपूर जिल्ह्यातलाच तालुका, उमरेडच्या पुढे. तिथल्या मिरचीला आता भौगोलिक मानांकन मिळालंय. १९०८ साली इतवारीहून उमरेड, भिवापूरवरून नागभीडला जाणारी छोटी रेल्वे निघाली. ती २०१९ पर्यंत डुगुडुगु चालली, मग रुंदीकरणासाठी बंद झाली. उमरेडचं धोतर आणि भिवापूरची मिरची अशा दोन्ही वस्तू नागपूरच्या एकाच दिशेनं शहरात येत. एक गेली, दुसरी राहिली. नागपूरच्या जेवणाचा इतिहास मला कुणी दोन वाक्यांत विचारला तर मी हाच सांगेन.

हे फक्त कोष्ट्यांचंच झालं असं नाही. मोमिनपुरा ही मुसलमान विणकरांची वस्ती. तिथंही माग होते, तिथंही ते थकले, आणि आज रमजानच्या रात्री सारं नागपूर खायला तिथं लोटतं. शहरातली खाण्याची दोन नामांकित ठिकाणं, दोन्ही विणकरांची. याला मी योगायोग मानत नाही. माग घरात असतो. त्यामुळे विणकराचं घर हेच दुकान. गिऱ्हाईक उंबऱ्याच्या आत येण्याची त्या घराला सवय असते. शेतकऱ्याच्या किंवा भटजीच्या घराला ती नसते.

आणि उंबऱ्याच्या आत कोण येणार, हा तर सगळ्यात मोठा प्रश्न. हॉटेलात दलितांसाठी वेगळी कपबशी, ती त्यांनीच धुवून ठेवायची, हे आपल्याकडे गावोगाव होतं. २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली. तिच्या १५ व्या कलमात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांचा नाव घेऊन उल्लेख आहे: तिथं जातीवरून कुणाला अडवायचं नाही. मी दहावीच्या मुलांना हे कलम शिकवताना मुद्दाम थांबत असे, कारण जगण्याच्या मोठ्या गोष्टींत हॉटेलची गणना का केली, हे मुलांना कळत नसे. १९५५ च्या कायद्यानं अशी अडवणूक गुन्हा ठरली. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेबांनी नागपुरात लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. आजही दरवर्षी त्या जागी, दीक्षाभूमीवर, लाखो लोक येतात तेव्हा रस्त्यारस्त्यावर जेवणाचे मंडप असतात, आणि कोण वाढतंय, कोण जेवतंय हे कुणी विचारत नाही. कायद्यानं मनं एका रात्रीत बदलली नाहीत. पण एका बाकड्यावर तीन माणसं कोंबून बसवायची आणि तिघांचंही नाक रश्शानं वाहायला लागायचं, अशा जागेत शेजाऱ्याची जात विचारायला फुरसत राहत नाही. सासूबाईंना सुरुवातीला हे जड गेलं होतं. त्या वाढायला पुढे येत नसत, आतूनच ताटं सरकवत. पुढे गिऱ्हाईक वाढलं आणि ते आपोआप मागे पडलं.

सावजीची कीर्ती बाहेर नेली ती राजकारणानं. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला शब्द दिला होता की सरकार दरवर्षी काही काळ नागपूरला येईल आणि विधिमंडळाचं एक अधिवेशन तरी इथं होईल. १९६० पासून हिवाळी अधिवेशन भरू लागलं. राजधानी गेली, पण वर्षातून काही आठवडे राजधानीची गर्दी परत येऊ लागली: आमदार, सचिव, त्यांचे ड्रायव्हर, मुंबईचे पत्रकार. दिवसभर विदर्भाच्या अनुशेषावर भांडण आणि रात्री सावजी. परत गेल्यावर भाषणं कुणाच्या लक्षात राहत नसत, तर्री राहत असे. त्याच सुमारास बिकानेरच्या अग्रवालांचं हल्दीराम नागपुरात रुजलं, संत्रा बर्फी निघाली आणि सहकुटुंब, शाकाहारी, टेबलाखुर्चीवरचं बाहेरचं जेवण सुरू झालं. तोवर सावजीकडे बायका जेवायला जात नसत. रांधायला मात्र त्याच असत.

आता मी हुडकेश्वरला असते. हे कालपरवापर्यंत शेतशिवाराचं गाव. लेआउट पडले, महाल-इतवारीतली वाढलेली कुटुंबं वेगळी होऊन इकडे आली, त्यात आम्हीही. २०१३ मध्ये हुडकेश्वर-नरसाळा महानगरपालिकेत आलं. म्हाळगीनगर चौकातून हुडकेश्वर रोडला लागलात की दर थोड्या अंतरावर 'सावजी'ची पाटी दिसते. त्यातल्या किती जणांच्या घरात कधी माग होता, हे विचारू नये. मसाला पाकिटात मिळतो, आचारी कुठलाही असतो, आणि तिखट म्हणजेच सावजी असा हिशेब असतो. मला याचा राग येत नाही. हा धंदा जन्मलाच मुळी हाताला काम नसलेल्या माणसांच्या पोटी. आज दुसऱ्या कुणाचं पोट त्यावर भरत असेल तर सासऱ्यांनीही हरकत घेतली नसती. कारखाना सुटलेला फिटर ढाबा काढतो, त्यांनी माग सुटल्यावर तेच केलं होतं.

माझी तक्रार वेगळी आहे. सगळ्या पाट्यांवर पुरुषांची नावं. अमुकभाऊ सावजी, तमुक सावजी. लुगड्याच्या काळातही हेच होतं. कांड्या बाईनं भरायच्या, खळ बाईनं करायची आणि विणकर म्हणून नाव पुरुषाचं. आमच्या भोजनालयाच्या पाटीवर सासऱ्यांचं नाव होतं आणि त्यांना मटणात मीठ किती हेही ठाऊक नव्हतं. सासूबाई गेल्यावर वर्षभरात गिऱ्हाईक तुटलं, आम्ही ते बंद केलं. तेव्हा पाटी कुणाच्या नावाची असायला हवी होती, ते सगळ्या गल्लीला कळलं.

म्हणून पाहुण्यांना मी आता एवढंच सांगते. झगमगाट बघून जाऊ नका. दुपारी जा, रात्री नको. दुपारी पहिल्या भांड्यातलं मिळतं. आधी साधा डाळकांदा मागवा. जिथं डाळकांदा चांगला, तिथं मटण चांगलं असतंच. उलट होईल याची खात्री नाही. रस्सा दुसऱ्यांदा न मागता वाढतात का, ते पाहा. आणि आत कोण रांधतंय ते विचारा. आमच्या लेआउटमध्ये एका बाईनं दोन खोल्यांत डबे आणि मसाला सुरू केलाय, माहेर पाचपावलीचं. पाटीवर तिचं स्वतःचं नाव आहे. मी पाहुण्यांना तिथंच पाठवते.