कमवत शिकलेले इंजिनीअर

“नोकरीला लागला म्हणजे शिक्षण सुटले,” असे आपल्याकडे सहज बोलले जाते. भिवंडीचे यंत्रमाग आणि अलीकडची गोदामे जवळ असल्याने लवकर कामाला लागणे खारबाव परिसराला नवे नाही. मात्र अभियांत्रिकी शिक्षणाचा इतिहास पाहिला, तर पगाराचे काम आणि पदवी यांची सांगड शंभर वर्षांहून जुनी आहे.

१९०६ साली अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात प्राध्यापक हर्मन श्नायडर यांनी २७ विद्यार्थ्यांना घेऊन एक प्रयोग सुरू केला. विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या. एक जण आठवडाभर वर्गात, तर दुसरा कारखान्यात; पुढच्या आठवड्यात अदलाबदल. त्यामुळे कारखान्याचे काम अडत नसे आणि विद्यार्थ्याला केलेल्या कामाचा मोबदला मिळे. इंग्लंडमध्ये अशाच पद्धतीला ‘सँडविच’ हे नाव पडले. पुढे पुणे विद्यापीठातही प्रॉडक्शन आणि मेकॅनिकल या शाखांचे सँडविच अभ्यासक्रम सुरू झाले. त्यांत कारखान्यातील प्रशिक्षण हा पदवीचाच भाग होता.

मुंबईची वाट थोडी वेगळी. १८८७ मध्ये स्थापन झालेली व्हीजेटीआय ही संस्था गिरण्यांच्या शहरात वाढली आणि १९२३ साली माटुंग्याला आली. नोकरी करणाऱ्या पदविकाधारकांसाठी तिथे अंशकालीन पदवी अभ्यासक्रम चालत. दिवसा कारखाना, संध्याकाळी वर्ग. शहरात राहणाऱ्यांना हे जमण्यासारखे होते. दिवा–वसई मार्गावरील मोजक्या गाड्यांवर अवलंबून असणाऱ्या आपल्या गावच्या मुलाला मात्र रात्री घरी परतायचे कसे, हा पहिला प्रश्न असे.

तिसरी वाट कायद्याने दिली. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आधी मुख्यतः कारागिरी शिकणाऱ्यांसाठी होता. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर आणि पदविकाधारक त्यात आले. पदवी किंवा पदविका मिळवलेल्यांबरोबरच ती मिळवण्यासाठी प्रशिक्षण घेत असलेल्यांचाही कायद्याच्या व्याख्येत समावेश झाला. या उमेदवारांना विद्यावेतन देणे बंधनकारक ठरले आणि किमान विद्यावेतनातला निम्मा वाटा केंद्र सरकारने उचलला. वर्षभराच्या त्या ॲप्रेंटिसशिपच्या प्रमाणपत्रावर अनेकांना पहिली नोकरी मिळाली.

या तिन्ही वाटांत एक गोष्ट समान आहे: शिकणाऱ्याच्या हातात पैसे पडत. तो मुद्दा किरकोळ नाही. आज इंटर्नशिप अभ्यासक्रमाचा भाग झाली आहे, पण ती बऱ्याचदा बिनपगारी असते. ज्याच्या घरून प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च निघतो, त्याला ती परवडते. ज्याच्या घरी त्याच्याच कमाईची वाट पाहिली जाते, तो मागे राहतो किंवा जवळ मिळेल तिथे नुसती सही-शिक्क्याची इंटर्नशिप उरकतो. त्याची बुद्धी कमी पडत नाही, खिसा कमी पडतो.

आपल्यापैकी काही जण आज कारखान्यांत अधिकारी आहेत, काहींचे स्वतःचे वर्कशॉप आहे. शाळेची इमारत, संगणक, बाके यांसाठी आपण देणगी देतोच. त्याच्या जोडीला आपल्या शाळेतून गेलेल्या एखाद्या डिप्लोमाच्या किंवा इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याला सहा महिने खरे काम आणि त्याचे रीतसर विद्यावेतन देता आले, तर तेही मोठेच देणे ठरेल. आणि नोकरी सांभाळून पुढे शिकू पाहणारा कोणी भेटला, तर त्याचे शिक्षण सुटले असे म्हणण्याची घाई आपण तरी करू नये. गुरुजनांनीही वर्गात ही वाट मुलांना जरूर सांगावी.