आल्टन वसाहतीतील शिल्पे

लंडनच्या नैर्ऋत्य भागात, रिचमंड पार्कलगत रोहॅम्प्टन येथे, लंडन काउंटी कौन्सिलने १९५० नंतरच्या दशकात वसविलेल्या आल्टन या आधुनिकतावादी गृहवसाहतीत पायवाटांच्या आसपास उघड्यावर स्थापिलेली शिल्पे. ही भूमी पूर्वी अठराव्या शतकातील धनिकांच्या हवेल्यांची होती; तेथील जुने वृक्ष व हिरवळीचे उतार रचनाकारांनी निष्ठेने राखल्यामुळे, वास्तुकार ल कॉर्ब्युझिए यांच्या मार्सेय येथील वास्तूपासून स्फूर्ती घेऊन खांबांवर उभारलेल्या पाच अकरामजली इमारतींच्या परिसरात शिल्पांना साजेसा विस्तीर्ण अवकाश आयताच लाभला.

१९४८ साली लंडनमधील बॅटरसी पार्कमध्ये भरलेल्या खुल्या शिल्पप्रदर्शनाला मोठा लोकाश्रय मिळाला होता. पुढे १९५६ मध्ये कौन्सिलने शाळा, उद्याने व गृहवसाहती यांसाठी कलाकृती घेण्याकरिता सालीना २०,००० पौंडांपर्यंतच्या खर्चास मंजुरी दिली. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या शहरात घरांची निकड एवढी तीव्र असताना भाडेकरूंच्या दारी शिल्प नेण्याची तजवीज व्हावी, हे त्या प्रशासनाच्या उदार दृष्टीचे द्योतक होय.

रॉबर्ट क्लॅटवर्दी (१९२८–२०१५) यांचे ‘बुल’ हे ब्राँझशिल्प १९६१ साली डाउनशायर फील्ड या हिरवळीवर बसविण्यात आले. प्राण्याचे हुबेहूब रूप साधण्यापेक्षा त्याच्या देहाचा भार आणि आत दडलेला आवेश खडबडीत पृष्ठभागातून प्रकट करणे हा शिल्पकाराचा हेतू दिसतो. संग्रहालयात ज्या वस्तूला हात लावण्याची मनाई असती, तिच्या पाठीवर येथील मुलांच्या पिढ्या चढल्या. वसाहतीतील शिल्पाला याहून मोठी मान्यता नसावी. १९९८ पासून ते संरक्षित वास्तूंच्या यादीत आहे.

१९५६ च्या व्हेनिस बिएनालेत शिल्पकलेचे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळविणारे लिन चॅडविक यांचे ‘द वॉचर्स’ (१९६०) हे तीन उभ्या आकृतींचे शिल्प डाउनशायर हाउस या हवेलीच्या बागेत होते. २००६ मध्ये त्यांपैकी एक आकृती चोरीस गेली.

लंडन काउंटी कौन्सिल १९६५ साली विसर्जित झाल्यावर तिच्या कलासंपत्तीच्या मालकीचे प्रश्न उद्भवले. कौन्सिलने स्टेपनीच्या स्टिफर्ड वसाहतीसाठी घेतलेले हेन्री मूर यांचे ‘ड्रेप्ड सीटेड वुमन’ हे शिल्प विकण्याचा मनसुबा २०१२ मध्ये तेथील टॉवर हॅम्लेट्सच्या स्थानिक प्रशासनाने जाहीर केला, तेव्हा तीव्र विरोध होऊन मालकीचा वाद न्यायालयात गेला. अखेर ते विकले गेले नाही. मात्र २०१७ साली त्याची स्थापना झाली ती कॅनरी वॉर्फच्या व्यापारी पेढ्यांमधील चौकात.