पिकअप उंच करण्याआधी: सस्पेन्शन लिफ्ट, चाके आणि टायर यांचा हिशोब

टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉससारखी पिकअप उंच करून तिला मोठे टायर बसवणे हा हौसेचा विषय आहे. पण उंची, टायर आणि रिम ही तीन वेगळी कामे नाहीत. एक बदलले की बाकीच्या दोन्हींवर परिणाम होतो. म्हणून आधी टायरचा आकार ठरवावा, मग रिम आणि शेवटी लिफ्ट.

टायरचा आकार

टायरवर २६५/६५ आर१७ असे लिहिलेले असते. २६५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६५ म्हणजे रुंदीच्या ६५ टक्के बाजूची उंची आणि १७ हा रिमचा इंचांतील व्यास. या टायरचा एकूण व्यास सुमारे ७७६ मिमी भरतो. त्याऐवजी २८५/७० आर१७ घातला तर व्यास सुमारे ८३१ मिमी, म्हणजे ७ टक्के जास्त होतो. स्पीडोमीटर ताशी १०० किमी दाखवत असताना गाडी सुमारे १०७ च्या वेगाने धावत असते. चढावर इंजिन कमी पडल्यासारखे वाटते, ब्रेकवर ताण येतो आणि मायलेज घटते.

भार निर्देशांकही पाहावा. ११२ म्हणजे प्रत्येक टायरवर ११२० किलो, ११६ म्हणजे १२५० किलो. नवा टायर मूळ निर्देशांकापेक्षा कमी नसावा. स्टेपनीही त्याच मापाची घ्यावी आणि ती हौद्याखालच्या जागेत बसते का, हे आधीच तपासावे.

रिम आणि ऑफसेट

नट-बोल्टांच्या वर्तुळाचे माप जुळणे आवश्यक असते. हायलक्समध्ये ते सहा बोल्ट आणि १३९.७ मिमी असे आहे. रिमची रुंदी तीच ठेवून ऑफसेट ३० ऐवजी शून्य घेतला, तर चाक ३० मिमी बाहेर सरकते. गाडी रुबाबदार दिसते खरी. पण व्हील बेअरिंगवर जास्त भार येतो आणि वळवताना टायर मडगार्डला घासू शकतो.

लिफ्टने काय मिळते?

अशा पिकअपमध्ये पुढे कॉइल स्प्रिंग आणि मागे पाटे असतात. माल भरल्यावर गाडी मागे बसू नये म्हणून मागची बाजू मुळातच उंच ठेवलेली असते. पुढे फक्त स्पेसर घालून उंची समान करणे हा स्वस्त मार्ग, तर नव्या स्प्रिंग व शॉक अब्सॉर्बर हा महागडा पण चांगला मार्ग.

सुमारे २ इंचांपर्यंतची लिफ्ट सहसा झेपते. त्यापुढे पुढच्या ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यांचा कोन वाढून ते लवकर झिजतात. मागचे डिफरन्शियल मात्र लिफ्टने उचलले जात नाही, कारण ते आसासोबतच राहते. ते मोठ्या टायरनेच वर जाते आणि तेही व्यासातील वाढीच्या निम्मेच. वरील उदाहरणात फक्त २७ मिमी.

आणखी एक गैरसमज असतो. लिफ्टमुळे उभ्या गाडीत टायरभोवतीची फट वाढते. पण खड्ड्यात स्प्रिंग पूर्ण दबली, की चाक पूर्वीइतकेच वर येते. त्यामुळे घासते का, हे सस्पेन्शन पूर्ण दाबून आणि स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून तपासावे लागते.

काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करावे, हेडलाइटचा झोत खाली घ्यावा आणि ब्रेकचे पाइप ताणले जात नाहीत ना ते पाहावे. गुरुत्वमध्य वर गेल्याने वळणावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो, हेही चालकाने लक्षात ठेवावे.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. अपघातानंतर विम्याच्या दाव्यातही अडचण येऊ शकते. म्हणून सुटे भाग मागवण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी.