पाऊल, जोडा आणि धाव

पुणे शहरात आज ‘डेक्कन जिमखाना’ हे नाव उच्चारले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे प्रथम बसचा थांबा उभा राहतो. ज्या संस्थेवरून त्या वस्तीस हे नाव पडले, ती संस्था १९०६ साली बाळकृष्ण नारायण भाजेकर यांच्या पुढाकाराने निघाली. तालमीची परंपरा असलेल्या पुण्यात विलायती पद्धतीचे मैदानी खेळ आपल्या लोकांच्या हाती यावेत, ही त्यामागील आकांक्षा होती. १९१९ साली ह्या संस्थेचे अध्यक्षपद सर दोराबजी टाटा यांजकडे आले आणि तिच्या शर्यती पाहण्याचा त्यांस योग आला. हिंदुस्थानच्या क्रीडेतिहासात त्या शर्यतींस फार महत्त्व आहे. परंतु तो इतिहास सांगताना धावणाऱ्यांच्या पायांकडे जितके लक्ष द्यावयास हवे, तितके सहसा दिले जात नाही.

दोराबजी केंब्रिजला शिकलेले व खेळांत मुरलेले गृहस्थ. पुण्यात पाहिलेल्या गोष्टींची हकीकत त्यांनी पुढे १९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष काउंट बाये-लातूर यांस पत्राने कळविली. शर्यतीत उतरलेली मुले शेतकरी कुटुंबांतील, शेतात राबणारी व साध्या अन्नावर वाढलेली होती. शंभर यार्डांची दौड वळणावरून, तीही मार्गिका न आखता, घेण्याचा बेत होता. चालकांनी ह्या खेळांविषयी वाचले होते, पण अनुभव घेतलेला नव्हता, हे दोराबजींच्या तेव्हाच ध्यानी आले. दिवसाची मुख्य शर्यत मात्र लांब पल्ल्याची, सुमारे २५ मैलांची होती. खडी दाबून केलेल्या टणक रस्त्यांवर अनवाणी धावण्याची सवय असलेले हे गडी ती अशा वेळात पुरी करीत, की युरोपातील धावपटूंशी त्यांची तुलना करण्यास दोराबजींस संकोच वाटला नाही. मग मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्याशी बोलणे झाले, निवड झाली, आणि १९२० साली बेल्जममधील अँटवर्प येथे हिंदी चमू रवाना झाला.

ह्या प्रसंगातील अनवाणी पायांचा उल्लेख बहुधा दोनच सुरांत होतो. एक सूर कणवेचा: बिचाऱ्यांना जोडाही मिळाला नाही! दुसरा अभिमानाचा: जोड्यावाचूनसुद्धा आमचे गडी साहेबाच्या तोडीचे निघाले! दोन्ही सुरांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही की जोडा म्हणजे पावलावर चढविलेले निव्वळ आवरण; ते असले काय वा नसले काय, धावणे तेच. वस्तुस्थिती तशी नाही. जोडा पायात गेला की धावण्याची रीतच पालटते. किती पालटते, हे तो पायास कसा बसतो आणि त्याचा तळ किती ताठ आहे, ह्या दोन गोष्टींवर अवलंबून असते.

प्रथम अनवाणी धाव कशी असते ते पाहू. मऊ मातीत मनुष्य कसाही धावू शकतो, पण फोडलेल्या खडीच्या रस्त्यावर त्याने टाच आपटून पाहावी! तो धक्का घोट्यातून गुडघ्यात व गुडघ्यातून थेट कमरेत जातो. म्हणून वेगाने धावणारा अनवाणी गडी बहुधा चवड्याच्या बाहेरील कडेवर उतरतो आणि टाच मागाहून हलकेच टेकवितो. त्याचा गुडघा किंचित वाकलेला असतो. पाऊल शरीराच्या फार पुढे न पडता जवळजवळ खालीच पडते, टांग आखूड होते आणि पावले भराभर पडतात. पोटरीचे स्नायू व टाचेमागची जाड शीर ताणून सुटतात, आणि स्प्रिंगेने परत द्यावा तसा ह्या ताणातील काही जोर पुढच्या पावलास परत मिळतो. पायाची बोटे मोकळी असल्यामुळे ती पसरतात व जमीन चाचपून घेतात. ही विद्या कोणी कोणास शिकवीत नाही. रस्ताच ती शिकवितो, आणि चुकणाऱ्यास तत्काळ शिक्षाही करतो.

हार्वर्ड विद्यापीठातील डॅनिएल लीबरमन व त्यांचे सहकारी यांनी केनियातील व अमेरिकेतील धावपटूंची तुलना करून २०१० साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते ह्याच स्वरूपाचे होते. सदैव अनवाणी धावणारे बहुधा चवड्यावर उतरतात, जाड टाचेचा जोडा घालणारे टाचेवर उतरतात, आणि पहिल्यांच्या पायास भूमीचा आरंभीचा धक्का कमी बसतो, असे त्यांस आढळले. मात्र ह्यावरून अनवाणी धावणारा प्रत्येक मनुष्य जन्मतः निर्दोष धावतो असे समजू नये. उत्तर केनियातील डासनाच नावाच्या लोकांची पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तीत नित्य अनवाणी असणारे हे लोक मध्यम वेगात बहुशः टाचेवरच उतरताना दिसले. वेग, जमीन व सवय ह्या तिहींचा हा खेळ आहे. पुण्याच्या रस्त्यावर मैलोगणती जलद धावणाऱ्यांस ह्या तिन्ही गोष्टी एकाच दिशेने लोटीत होत्या, इतकेच म्हणावयाचे.

आता जोडा. १९२० च्या सुमाराचा धावण्याचा जोडा म्हणजे आजची फुगीर, उशीसारखी वस्तू नव्हे. तो चामड्याचा, पातळ तळाचा व पुढे निमुळता असे. लहान शर्यतींसाठी त्यास खाली खिळे ठोकीत. ज्या लाकडी साच्यावर तो शिवला जाई तो साचा विलायती पायाचा. म्हणजे लहानपणापासून बुटात वाढलेल्या, बोटे जुळून आलेल्या पायाचा. शेतात अनवाणी वाढलेले पाऊल त्याहून निराळे. त्याची बोटे एकमेकांपासून सुटी, चवडा पसरट, कातडी घट्ट. असे पाऊल निमुळत्या जोड्यात घातले की प्रथम करंगळीच्या बाजूस जोडा चावू लागतो. मग फोड येतो. फोड चुकविण्यासाठी मनुष्य पाऊल तिरपे टाकतो. तिरपे पाऊल पडू लागले की गुडघा दुखतो. त्यातच लांब दौडीत पाऊल सुजून सकाळपेक्षा मोठे होते. सुरुवातीस नेमका बसलेला जोडा दहाव्या मैलास सांडशीसारखा आवळू लागतो.

बरे, मोठा जोडा घ्यावा, तर त्याची तऱ्हा आणखी वेगळी. टाच जोड्यात वर-खाली होते, आणि तो सुटू नये म्हणून बोटे आत आवळून धरावी लागतात. जी बोटे भूमीस रेटावयाची, ती जोडा सांभाळण्यात गुंतून पडतात. हे समजण्यास शास्त्र नको. रस्त्याने कोल्हापुरी चपला घालून जाणारा मनुष्य पळण्याची वेळ आली की काय करतो? चपला काढून हातात घेतो व मग पळतो. कोल्हापुरी चप्पल चालण्यास उत्तम. तिचा कमावलेल्या चामड्याचा ताठ तळ वापराने पावलाच्या आकारास येतो. पण टाच मागून मोकळी असल्यामुळे धावताना सारा भार अंगठ्याच्या पट्ट्यावर येतो. पट्टा तुटतो किंवा मनुष्य तोंडघशी पडतो!

शिवाय जोड्यास वजन असते. प्रत्येक पायावर १०० ग्रॅम वजन वाढले तर धावण्यास सुमारे एक टक्का अधिक शक्ती लागते, असे प्रयोगांती ठरले आहे. २५ मैलांत पाऊल किती हजार वेळा उचलावे लागते ते मनात आणले म्हणजे ह्या एका टक्क्याचे मोल कळेल.

अँटवर्पच्या मॅरेथॉनचे अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्या ठरीव अंतराहून काहीसे अधिक होते. ती २२ ऑगस्ट १९२० रोजी झाली व फिनलंडच्या हानेस कोलेहमाइनेनने २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत जिंकली. बेळगावकडील फडेप्पा दरेप्पा चौगुले ह्यांनी २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत १९ वा क्रमांक मिळविला. त्यांचे सोबती सदाशिव दातार ह्यांस शर्यत पुरी करता आली नाही. ह्याच चमूतील मल्ल शिंदे यांनी कुस्तीत चौथ्या क्रमांकापर्यंत मजल मारली. पहिल्याच खेपेस, परक्या हवेत, परक्या अन्नावर १९ वा क्रमांक ही लहान गोष्ट नव्हे. कोलेहमाइनेन लहानपणापासून अशा शर्यतींच्या देशात वाढलेला होता. चौगुल्यांस पुण्याच्या रस्त्यावरून जागतिक रस्त्यावर जाण्यास मिळाले ते अवघे काही महिने. आणि धावण्याची नवी रीत पायांस, विशेषतः पोटऱ्यांस, अंगवळणी पाडण्यास त्याहून अधिक काळ लागतो. उलट दिशेनेही तेच घडते. जन्मभर जोडा वापरलेला मनुष्य एके दिवशी हौसेने अनवाणी दौडू लागला तर त्याच्या चवड्याची नाजूक हाडे कुरकुरल्याशिवाय राहत नाहीत.

आपल्याकडील इतर खेळांतही जोड्याचा प्रश्न वरचेवर डोके वर काढीत आला. १९११ साली कलकत्त्यास मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर पलटणीचा पराभव करून ढाल जिंकली, तेव्हा त्यांचे अकरांपैकी दहा गडी अनवाणी होते. १९३६ साली बर्लिनला हॉकीच्या अंतिम सामन्यात मैदान ओलसर होते. ध्यानचंद यांनी उत्तरार्धात खिळ्यांचे बूट व मोजे काढून टाकले, आणि जर्मनीचा ८ विरुद्ध १ असा पराभव झाला. १९४८ साली लंडनला फ्रान्सशी फुटबॉल खेळताना आपले पुष्कळ खेळाडू अनवाणी होते व सामना अवघ्या एका गोलाने हातचा गेला. परंतु १९५२ साली हेलसिंकीच्या थंड हवेत युगोस्लाव्हियाने आपणांवर १० विरुद्ध १ अशी मात केली, आणि त्यानंतर आपल्या फुटबॉलपटूंस बूट सक्तीचे झाले. बर्लिनचा दाखला देणारे हेलसिंकी विसरतात व हेलसिंकीचा दाखला देणारे बर्लिन! दोन्ही ठिकाणी प्रश्न शौर्याचा नसून ओल्या वा गार जमिनीवर पावलाची पकड कशी राहील, हा होता.

ह्या वादात इथिओपियाच्या अबेबे बिकिलाचे उदाहरण नेहमी दिले जाते, आणि ते अर्धेच दिले जाते. १९६० साली रोममध्ये तो अनवाणी धावला व २ तास १५ मिनिटे १६.२ सेकंदांत जिंकला, हे सर्वांस ठाऊक असते. त्यामागे काही तत्त्वज्ञान नव्हते. अनवाणी धावण्याचा त्याचा सराव होता हे खरे, पण तेथे मिळालेल्या जोड्यांपैकी एकही त्याच्या पायास नीट बसेना. पुढे १९६४ साली टोकियोत त्याने मोजे व जोडे घालून २ तास १२ मिनिटे ११.२ सेकंदांत पुन्हा सुवर्णपदक मिळविले. पायास बसणारा जोडा मिळाला, त्याने घातला!

राहता राहिला ताठपणाचा प्रश्न. थंड देशांत बर्फावर हॉकी खेळतात. त्या खेळाडूच्या बुटाखाली पोलादी पाते असते, म्हणून घोट्याभोवती बूट ताठ व घट्ट लागतो. तो ढिला असेल तर घोटा आत कलतो आणि पायाचा रेटा पात्यापर्यंत पोहोचतच नाही. मात्र तोच बूट खेळाडूच्या वजनास व बळास न पेलण्याइतका ताठ असेल, तर घोटा पुढे वाकत नाही, गुडघा वाकवून खाली बसता येत नाही, आणि गडी उभ्याउभ्या आखूड पावले टाकू लागतो. धावणाऱ्यास घोटा मोकळा हवा. त्याच्या जोड्यात ताठपणाचा प्रश्न येतो तो तळाशी, अंगठ्याच्या मुळाशी. तेथे पाऊल दुमडते तेव्हा काही शक्ती वाया जाते. जुन्या चामडी तळाने ह्या सांध्यास अडविले, पण बदल्यात काही दिले नाही. १९७० नंतर अमेरिकेत जाड, मऊ टाचेचे जोडे निघाले; त्यांनी धक्का सुसह्य केला, पण टाच आपटीत लांब टांगा टाकण्याची मुभाही दिली. २०१७ पासून हलक्या, उसळणाऱ्या फेसात कार्बनची ताठ पट्टी बसविलेले जोडे आले. त्यांनी सरासरी चार टक्के शक्ती वाचते असे प्रयोगांत दिसले. ही सरासरी होय. एकाच ताठपणाचा तळ सर्वांस सारखा मानवत नाही. ह्या जोड्यांमुळे इतका गहजब झाला की २०२० साली जागतिक ॲथलेटिक्स संघटनेस रस्त्यावरील शर्यतींसाठी तळाची जाडी ४० मिलिमीटर व पट्टी एकच, अशी मर्यादा घालावी लागली.

पुण्यात १९८३ साली आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली. जेथे एके काळी खडीच्या रस्त्यावरून शेतकऱ्यांची मुले अनवाणी धावली, त्याच शहरात आज धावण्याच्या जोड्यांची दुकाने आहेत, आणि तेथे पावलाची लांबीच नव्हे तर रुंदी व कमानही पाहतात. परंतु दुर्गम गावांतील मुलांची गोष्ट अजून पुष्कळशी जुनीच आहे. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा येथील कविता राऊत हिने धावण्याचा खेळ निवडला, त्याचे एक कारण त्यास साहित्य लागत नाही, अनवाणीही धावता येते, हे होते. तिने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळविले. जिल्हा परिषदेच्या शाळांच्या शर्यतींत अजूनही शिट्टी वाजण्यापूर्वी मुले चपला काढून चुन्याच्या रेषेमागे ठेवतात. बहुतेक चपला एकदोन मापांनी मोठ्याच असतात, कारण त्या पुढील वर्षीही पायात याव्यात म्हणून घेतलेल्या असतात.