घरात स्पीकरची वायर कशी निवडायची आणि कशी टाकायची?

तीन वर्षांपूर्वी बाबा रिटायर झाले आणि त्यांनी हौसेने एक अ‍ॅम्प्लिफायर आणि पाच स्पीकर्सचा सेट घेतला. नाशिकच्या घरात फॉल्स सीलिंगचं काम चालूच होतं. मी म्हटलं, वायरिंगवाल्याला कशाला सांगायचं, एवढं मी करतो. दुकानातून जाडसर दिसणारी पारदर्शक वायर आणली, सीलिंगच्या वरून मोकळीच टाकली आणि सीलिंग बंद झालं. गणपतीच्या आदल्या संध्याकाळी सगळं जोडलं. मागचे दोन स्पीकर कुजबुजल्यासारखे वाजत होते आणि दहा मिनिटांत अ‍ॅम्प्लिफायर 'प्रोटेक्ट' दाखवून बंद पडला. मी तो तीनदा पुन्हा चालू केला. चौथ्यांदा तो चालूच झाला नाही. दुरुस्तीचे २,८०० रुपये बाबांनीच भरले. बोलले काही नाहीत, फक्त एकदा म्हणाले, "अरे, इंजिनिअर ना तू?"

त्या एका वाक्यामुळे मी हा विषय नीट समजून घेतला. मी केलेल्या चुका तुम्ही करू नयेत म्हणून हा लेख.

आधी बघा, तुम्हाला ही वायर लागते का?

ब्लूटूथ स्पीकर, साउंडबार किंवा ज्या स्पीकरची स्वतःची प्लग असलेली पॉवर वायर आहे, त्यांच्या आतच अ‍ॅम्प्लिफायर असतो. त्यांना स्पीकर वायर लागत नाही. ज्या स्पीकरच्या मागे फक्त लाल आणि काळं अशी दोन टर्मिनल्स असतात, त्यांना वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो आणि तिथेच ही वायर येते.

या वायरीला लो व्होल्टेज का म्हणतात? ८ ओहमच्या स्पीकरला ५० वॅट द्यायचे असतील तर वायरीत साधारण २० व्होल्ट आणि अडीच अँपिअर असतात. घरातल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्ट असतात. म्हणजे स्पीकरच्या वायरीने सहसा शॉक बसत नाही, पण करंट अगदीच कमी नसतो. म्हणून वायरीची जाडी महत्त्वाची.

जाडी किती हवी?

प्रत्येक वायरीला स्वतःचा थोडा रेझिस्टन्स असतो. वायर जितकी लांब तितका तो जास्त, जितकी जाड तितका कमी. स्पीकरच्या मागे ४, ६ किंवा ८ ओहम असं लिहिलेलं असतं. सोपा नियम असा की वायरीचा जाऊन-येऊन एकूण रेझिस्टन्स स्पीकरच्या ओहमच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. तेवढ्यात राहिलात तर आवाजातली घट अर्ध्या डेसिबलपेक्षाही कमी असते, कानाला ती कळत नाही.

आपल्याकडे वायर स्क्वेअर मिमीमध्ये मिळते. तांब्याच्या लवचीक वायरीसाठी हा हिशोब मी करून ठेवलाय. अंतर म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत वायर ज्या वाटेने जाणार त्या वाटेची लांबी.

०.७५ स्क्वेअर मिमी: ८ ओहमला ७.५ मीटर, ६ ओहमला ५.५ मीटर, ४ ओहमला ३.५ मीटर.
१ स्क्वेअर मिमी: ८ ओहमला १० मीटर, ६ ओहमला ७.५ मीटर, ४ ओहमला ५ मीटर.
१.५ स्क्वेअर मिमी: ८ ओहमला १५ मीटर, ६ ओहमला ११ मीटर, ४ ओहमला ७.५ मीटर.
२.५ स्क्वेअर मिमी: ८ ओहमला २५ मीटर, ६ ओहमला १८.५ मीटर, ४ ओहमला १२.५ मीटर.

ऑनलाइन वायर बघताना गेज दिसेल. गेजचा आकडा जितका मोठा, तितकी वायर बारीक. १८ गेज म्हणजे सुमारे ०.८ स्क्वेअर मिमी, १६ गेज म्हणजे १.३, १४ गेज म्हणजे २.१ आणि १२ गेज म्हणजे ३.३.

टू बीएचकेच्या हॉलमध्ये पुढच्या स्पीकर्ससाठी १ किंवा १.५ बहुतेक वेळा पुरते. मागच्या स्पीकरची वायर भिंतीने फिरून जाते म्हणून ती अंदाजापेक्षा बरीच लांब होते. आमच्या घरात अ‍ॅम्प्लिफायर ते मागचा स्पीकर हे अंतर डोळ्यांना ५ मीटर दिसतं, वायर लागली १४ मीटर. स्पीकर ६ ओहमचे. म्हणजे तिथे २.५ हवी होती.

तांबं की तांब्यासारखं दिसणारं?

माझी खरी फसगत इथे झाली. बाजारात 'सीसीए' नावाची वायर मिळते. आत अ‍ॅल्युमिनियम आणि वरून तांब्याचा पातळ थर. अ‍ॅल्युमिनियम वीज वाहून नेण्यात तांब्याच्या सुमारे ६० टक्केच असतं, त्यामुळे त्याच जाडीच्या सीसीए वायरीचा रेझिस्टन्स साधारण दीडपट होतो. शिवाय अशा वायरी वारंवार वाकवल्या की लवकर तुटतात.

ओळखायचं कसं?

- एक तार घेऊन ब्लेडने हलकेच खरवडा. आतून पांढरी निघाली तर सीसीए. उलट, वरून चंदेरी आणि आतून तांबूस असेल तर ते कथिल लावलेलं तांबं, ते चांगलं.
- हातात वजन घ्या. तांबं अ‍ॅल्युमिनियमच्या तिपटीहून जड असतं.
- लोहचुंबक लावून काही कळत नाही. तो तांब्यालाही चिकटत नाही आणि अ‍ॅल्युमिनियमलाही नाही.
- जाड कव्हर बघून फसू नका. टोक सोलून आतल्या तारा बघा. माझ्या वायरीत बाहेरून बोटभर प्लास्टिक आणि आत अर्धा स्क्वेअर मिमी धातू होता.

'ऑक्सिजन फ्री' तांब्यासाठी चौपट पैसे द्यायची गरज नाही. साध्या चांगल्या तांब्यात आणि त्यात वीज वाहण्याचा फरक साधारण एक टक्का आहे. तेवढ्या पैशात एक साइज जाड वायर घ्या, फायदा जास्त होईल.

इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळणारी आयएसआय मार्कची टू-कोअर लवचीक तांब्याची वायरही स्पीकरला चालते. फक्त तिच्या दोन्ही टोकांना 'स्पीकर' असं लेबल लावा. उद्या एखादा वायरमन तिला लाइटची वायर समजून २३० व्होल्ट जोडेल, अशी वेळ येऊ देऊ नका. त्याच कारणाने स्पीकरच्या वायरीला कधीही टू-पिन प्लग लावू नका.

वायर टाकताना

१. आधी दोरीने मोजा. सुतळी घेऊन वायर ज्या वाटेने जाणार त्या वाटेने फिरा, कोपरे धरून. दोन्ही टोकांना एकेक मीटर जास्त ठेवा. डाव्या-उजव्या वायरी सारख्याच लांबीच्या हव्यात असं काही नाही. दोन-चार मीटरच्या फरकाने सिग्नल सेकंदाच्या काही अब्जांश भागाने मागे पडतो. सोफा एक मीटर सरकवला तर आवाज त्याहून लाखो पटीने उशिरा, म्हणजे सुमारे ३ मिलिसेकंदांनी पोचतो.

२. लाइटच्या पाइपमधून नेऊ नका. पाइपमध्ये जागा आहे म्हणून स्पीकरची वायर मेनच्या वायरींसोबत घालायचा मोह होतो. एखाद्या वायरीचं कव्हर खरचटलं तर २३० व्होल्ट थेट स्पीकरच्या उघड्या टर्मिनलवर येतील. तिथे लहान मुलाचा हात जाऊ शकतो. वेगळा पीव्हीसी पाइप टाका, मेनच्या लाइनपासून शक्यतो फूटभर लांब. ओलांडावंच लागलं तर काटकोनात ओलांडा.

३. सीलिंगमध्ये मोकळी वायर सोडू नका. फॉल्स सीलिंगच्या पत्र्याच्या चॅनलला धार असते, नंतर मारलेला स्क्रू वायरीत घुसू शकतो, उंदीर असतील तर विचारूच नका. पाइप असेल तर जुन्या वायरीला नवी बांधून ओढून घेता येते. आमच्याकडे पाइप नव्हता. त्यामुळे आज मागच्या स्पीकरची नवी वायर भिंतीच्या खालच्या कडेने केसिंग पट्टीतून जाते. आईने नव्या रंगासाठी दोन महिने शेड निवडली होती, आणि त्या भिंतीवर आता माझी पांढरी पट्टी आहे.

४. बंद करण्याआधी फोटो काढा. भिंत किंवा सीलिंग बंद होण्यापूर्वी मोजपट्टी लावून प्रत्येक पाइपचा फोटो मोबाइलमध्ये घ्या. वेगळा अल्बम करून घरच्या ग्रुपवरही टाका. पाच वर्षांनी कोणी ड्रिल मारायला आलं की हाच फोटो कामाला येतो.

५. बंद करण्याआधी टेस्ट करा. हे सगळ्यात महत्त्वाचं. वायरीची लांबची दोन टोकं एकमेकांना पिळा आणि जवळच्या टोकांना मल्टीमीटर लावा. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना लावून जो आकडा येतो तो वजा करा. उरलेला आकडा ५ टक्क्यांच्या आत आहे का बघा. मी ही टेस्ट सीलिंग बंद झाल्यावर केली, आकडा आला १.७ ओहम. ६ ओहमच्या स्पीकरसमोर १.७ ओहम, म्हणजे पॉवरचा पाचव्या हिश्श्याहून जास्त भाग वायरच खात होती. टेस्ट झाली की पिळलेली टोकं आठवणीने सोडवा.

जोडताना

अ‍ॅम्प्लिफायर रिमोटने बंद करून भागत नाही, प्लग काढा.

टोकाचं कव्हर १० ते १२ मिमी सोला. ब्लेड आतल्या तारांना लागू देऊ नका. तारा घट्ट पिळा आणि एकही तार बाहेर राहिली नाही ना हे मोबाइलच्या टॉर्चमध्ये बघा. लाल आणि काळ्या टर्मिनलच्या मध्ये अडकलेली केसाएवढी एक तार म्हणजे शॉर्ट सर्किट. आमच्या अ‍ॅम्प्लिफायरचं तेच झालं होतं. टर्मिनलमध्ये बसत असतील तर बनाना प्लग लावा, मग सुटी तार बाहेर राहायचा प्रश्नच येत नाही. छोट्या स्प्रिंग क्लिपमध्ये जाड वायर नीट बसत नाही, घेण्याआधी तेही बघा.

प्लसला प्लस, मायनसला मायनस. वायरीच्या एका बाजूला रेघ, छपाई किंवा उंचवटा असतो. ती बाजू कायम प्लस धरा. एक स्पीकर उलटा जोडला गेला तर काही जळत नाही, पण दोघांचा बास एकमेकांना मारतो आणि गायकाचा आवाज मध्यभागी न येता पसरल्यासारखा वाटतो.

कुठली वायर कुठल्या स्पीकरची हे विसरलात? अ‍ॅम्प्लिफायरकडची टोकं मोकळी ठेवून त्यांना १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर लावा. ज्या स्पीकरमधून 'खर्र' आवाज येईल, वायर त्याची. सेलचा प्लस वायरीच्या प्लसला लावल्यावर मोठा कोन बाहेरच्या बाजूला सरकला तर बहुतेक स्पीकर्समध्ये जोडणी बरोबर समजा.

शेवटी प्रत्येक जोडीवर मल्टीमीटर लावा. ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ते ७ दाखवतो. शून्याच्या आसपास आकडा आला तर कुठेतरी शॉर्ट आहे. आकडाच आला नाही तर वायर तुटलीय किंवा सुटलीय. सगळे आकडे ठीक आल्यावरच प्लग लावा आणि आवाज अगदी कमी ठेवून सुरुवात करा.

एकाच टर्मिनलला दोन स्पीकर जोडणार असाल तर हिशोब करा. ८ ओहमचे दोन समांतर जोडले की ४ ओहम होतात, ४ ओहमचे दोन जोडले की २. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे जो कमीत कमी आकडा लिहिलाय त्याच्या खाली जाऊ नका.

आणि 'प्रोटेक्ट' आलं तर?

तो मेसेज म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर स्वतःला वाचवतोय. पुन्हा पुन्हा चालू करू नका. प्लग काढा, सगळ्या स्पीकर वायरी सोडवा, मग एकही स्पीकर न लावता चालू करून बघा. नीट चालू झाला तर दोष वायरीत किंवा स्पीकरमध्ये आहे, एकेक जोडी मल्टीमीटरने तपासा. तरीही प्रोटेक्ट आलं तर दुकानात न्या. मी हे एवढंच केलं असतं तर ते २,८०० रुपये वाचले असते.

आता आमच्या घरी मागचे स्पीकर नीट वाजतात. बाबा रोज सकाळी त्यावर भजनं लावतात. परवा शेजारच्या काकांनी नवीन सेट घेतला तेव्हा बाबांनी त्यांना माझा नंबर दिला आणि सांगितलं, "आधी ह्याला विचारा, मग सीलिंग बंद करा."