अर्धसत्याची भाकिते : ‘मॅकबेथ’मधील चेटकिणी

मार्च १६०६ मध्ये लंडनला फादर हेन्री गार्नेट यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला. पार्लमेंट उडवून देण्याचा आदल्या वर्षीचा कट ठाऊक असूनही त्यांनी तो दडवला, असा आरोप होता. गाजले ते मात्र द्वयर्थी उत्तरांचे त्यांनी केलेले समर्थन. मे महिन्यात त्यांना फाशी झाली. ‘मॅकबेथ’ याच सुमाराचे मानले जाते, आणि त्यातला दारुडा द्वारपाल अशाच एका द्वयर्थी बोलणाऱ्याचे नरकद्वारी स्वागत करतो.

भाकिते शेक्सपिअरची नव्हेत. बर्नामचे अरण्य चालून येईपर्यंत पराभव नाही, स्त्रीच्या पोटी जन्मलेल्याच्या हातून मरण नाही, हे होलिनशेडच्या बखरीतच आहे. (खरा मॅकबेथ १०४० ते १०५७ अशी सतरा वर्षे राज्य करून गेला, ते वेगळेच.) नाटककाराची भर आहे ती दृश्यांची. चौथ्या अंकात अभय देणारे बालक रक्ताने माखलेले आहे. आईचे पोट फाडून काढलेला मॅकडफ तिथेच दिसतो. दुसऱ्या, मुकुटधारी बालकाच्या हातात तर झाडच आहे! सैनिकांना फांद्या तोडायला लावणारा माल्कम आणखी कोण? हवेतला खंजीर पाहणाऱ्या मॅकबेथला हे दिसत नाही. तो फक्त शब्द ऐकतो.

अंधाराचे दूत क्षुल्लक सत्ये सांगून घात करतात, असे बँकोने पहिल्याच अंकात बजावले होते. बखरीतला बँको मात्र डंकनच्या खुनात सामील आहे. जेम्स राजा स्वतःला त्याचा वंशज म्हणवत असे. रंगभूमीवर बँको निर्दोष झाला.